ठंडे बाबांची पुडी

देवासजवळच्या हाटपिपल्याच्या बसस्टँडमागे ठंडे बाबांचा मंडप बायकांनी खचाखच भरला होता. बहुतेक पन्नाशीच्या आसपासच्या, हातात पुठ्ठ्याचा पंखा नाहीतर पदराचं टोक. पाळी जाण्याच्या वयात अंगातून उठणारा जाळ, घामाच्या धारा, उडालेली झोप, या सगळ्यावर बाबांकडे एकच पुडी होती. बाबा स्वतः मात्र कूलरसमोर बसले होते.

"अंग्रेजी कुछ नी, माई. शुद्ध जड़ी, कुदरत की चीज. जिसके भीतर भट्टी है, वहाँ बर्फ जमा दूँगा."

मग त्यांनी पुडी घेत असलेल्या अक्कांना पुढे बोलावलं. "ये देवासवाली माई. आग तो बुझी ही बुझी, सूखी नदी में पानी भी आ गया. बोलो माई, आया कि नी?"

अक्कांनी लाजून मान डोलावली. मंडपातले सगळे हात जोडले गेले.

लहानग्या शार्दूलला कडेवर घेऊन मागे उभी असलेली अक्कांची सून स्वानंदी गोंधळली. कुठली नदी? पण अक्कांना आता झोप लागत होती, शिलाई मशीनवर त्या पुन्हा गुणगुणत होत्या. नातवाला न्हाऊ घालताना चिडत नव्हत्या. सुनेला आणखी काय हवं असतं?

घरी आल्यावर अक्का देवघराबाहेरच थांबल्या. "सूनबाई, दिवा तूच लाव. मला कावळा शिवलाय."

"कधी, सकाळी गच्चीवर? मग डोकं धुऊन घ्या ना अक्का. पानी गरम करते मी."

अक्का पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "वेडी गं वेडी."

असं वरचेवर होऊ लागलं. हिंदी शाळेत शिकलेली स्वानंदी दुपारी शार्दूलला निजवून गच्चीवर जाई आणि थाळी वाजवून कावळे हाकलून लावी. अक्का बिछान्यावरून ऐकत. दिवाळीपर्यंत त्या पांढऱ्याफटक पडल्या, ओटीपोट धरून बसू लागल्या. तेव्हा कुठे स्वानंदीने त्यांना डॉक्टर अल्पनांकडे नेलं.

"पाळी जाऊन किती वर्षं झाली? आता रक्त जातं का?"

"उन्हाळ्यापासून," अक्का हळूच म्हणाल्या. "हिला सांगत होते ना मी प्रत्येक वेळी. कावळा शिवला म्हणून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "स्वानंदी, जुन्या घरांतून पाळी आली असं सांगायची ती रीत आहे."

शार्दूल स्वानंदीची बांगडी ओढत राहिला.

गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला, यकृतापर्यंत पोचलेला. स्वानंदीने आणून दिलेली पुडी डॉक्टरांनी चहाच्या गाळणीतून चाळली. वर गोळीचे दोन तुकडे राहिले, एकावर मधोमध मोडायची रेघ. प्रयोगशाळेने बाकीचं सांगितलं.

"वयाबरोबर शरीरातलं जे हार्मोन कमी होतं, त्याच्याच गोळ्या दळून घातल्यात. म्हणून जाळ थांबला. त्यानेच अस्तर वाढतं, रक्त जाऊ शकतं. आम्हीही देतो हे औषध, पण तपासून, जोडीला दुसरं औषध देऊन, लक्ष ठेवून. गाठ आधीच होती की यामुळे झाली, आता सांगता येणार नाही. पण पाळी गेल्यानंतरचं रक्त हा इशारा असतो. बाबाने त्याचा चमत्कार केला."

"आणि खरोखरचं नैसर्गिक काही?" स्वानंदीने विचारलं.

"सुती कपडे, गार खोली, रोज चालणं, कडक चहा नि तिखट कमी. काहींना थोडा आराम पडतो. नाही पडला तर डॉक्टर आहेत."

"आता?"

"आता त्यांना दुखू नये, एवढं बघू."

स्वानंदी ते तुकडे घेऊन मंडपात गेली. तिने सगळं सांगितलं.

बाबा हसले. "बहू, श्रद्धा कम पड़ गई."

रांगेतल्या एकीने विचारलं, "पर थारी सासू की आग तो बुझी थी नी?"

"बुझी थी," स्वानंदी म्हणाली. ते खरंच होतं. रांग पुढे सरकली.

"महीना बंद होने के बाद खून आए, तो सीधे डॉक्टर के पास जाना."

"धीरे बोल बेटा, आदमी बैठे हैं," एकीने दटावलं.

तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, त्याच आवाजात. काही माना खाली गेल्या. रांगेतून कुणी बाहेर पडलं नाही.

बायांनो, जाळ होणं हा रोग नाही, आणि गेलेली पाळी परत येणं हा प्रसाद नाही. पुडीत काय आहे ते विचारा, आणि ज्याला सांगता येत नाही त्याच्या हातचं खाऊ नका. घरातल्या मोठ्या बाईला आज साध्या शब्दांत विचारा, रक्त जातं का. उत्तर कळलं नाही तर ती हसली तरी पुन्हा विचारा. अक्कांना आता याचा उपयोग नाही.