रोहिणीच्या दगडावरचा शत्रू

राष्ट्र आपल्या वीरांना कदापि विसरत नाही.

यातला ‘कदापि’ इंद्रसिंगचा. बाकीचं वाक्य कोणाचं, ते नंदुरबारच्या फ्लेक्सवाल्या भरतलाही सांगता आलं नाही. त्याच्या कॉम्प्युटरात ते तयारच होतं, नुसता फोटो बदलायचा. गेल्या वर्षी त्याच वाक्याखाली एका दूध डेअरीचे चेअरमन होते. ते वारले नव्हते, त्यांचा वाढदिवस होता.

यंदा फोटो रोहिणीचा. लेफ्टनंट रोहिणी करणसिंग गिरासे, नौदलातली वैमानिक, वय सव्वीस, राहणार कोरीट. मागच्या जानेवारीत सरावाच्या उड्डाणात तिचं विमान समुद्रात पडलं. गावाचे पहिले आठ दिवस रडण्यात गेले आणि पुढचे आठ, नौदलात विमान कसं काय, या चर्चेत. आमच्याकडे समुद्र पाहिलेली माणसं थोडी. सुरतेला जाणारी पुष्कळ आहेत, पण ती कापड पाहून परत येतात.

फ्लेक्स वीस फुटी होता. मधोमध रोहिणी आणि तिच्याभोवती स्मारक समितीचे तेवीस चेहरे, त्यातल्या चौघांच्या कानाला मोबाइल. मागे धूर सोडणारी तीन लढाऊ विमानं, एक रणगाडा आणि एक वाघ. रोहिणी चालवायची ते समुद्रावर पाळत ठेवणारं साधं पंख्याचं विमान कुठेच नव्हतं. समितीचे अध्यक्ष इंद्रसिंग गिरासे, म्हणजे रोहिणीचे सख्खे मोठे काका, यांचा फोटो तिच्या फोटोपेक्षा चार बोटं मोठा होता आणि खाली लिहिलं होतं, ‘प्रेरणास्थान’.

हे प्रेरणास्थान रोहिणीची निवड झाली तेव्हा दोन महिने त्या घरात पाणी प्यायलं नव्हतं. “आमना घरन्या पोरी आकाशमा जातीस नही,” असं तेव्हा ते पारावर बसून सांगत असत. जणू बाकीच्या घरांतल्या पोरी रोज जाऊन येत होत्या.

पण करणसिंग, म्हणजे रोहिणीचा बाप, ती आठ वर्षांची असताना वारला, तेव्हापासून त्या मायलेकींचं तीन एकर मिरचीचं रान इंद्रसिंगनंच नांगरून दिलं. आपल्या रानाच्या आधी दिलं. हेही सांगायला हवं, नाहीतर गोष्ट फार सोपी होईल.

स्मारकाच्या दगडावरचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. पेपरात पस्तीस वर्षं लोकांची टिंगल लिहून मी निवृत्त झालोय, त्यामुळे गावात बारशाच्या पत्रिकेपासून सगळं लिखाण माझ्याकडेच येतं. मी लिहिलं: ‘लेफ्टनंट रोहिणी करणसिंग गिरासे. नौदलातील वैमानिक. समुद्रावर उड्डाणाचा सराव करताना विमान अपघातात मृत्यू.’ खाली तारीख.

इंद्रसिंगनं कागद लांब धरला, जवळ धरला.

“आप्पा, हाई त एस.टी.ना अपघातनी बातमी वाटस.”

“झालं तेच लिहिलंय.”

“झायं ते ठीक शे. पन सराव म्हटलं की लोके काय म्हनतीन? लर्निंग लायसनवर व्हती म्हनतीन.” त्यानं माझ्याच पेनानं रेघ मारली. “शत्रूशी झुंजताना, अस लिख.”

“कोणत्या शत्रूशी?”

“जो व्हई तो. आपुन नाव कोठे लिखतस?”

मला राग आला की मी विनोद करतो, ही जुनी खोड. मी म्हणालो, “शत्रूचाही एक फोटो टाकून दे फ्लेक्सवर, जागा आहे.” इंद्रसिंगनं त्याचा विचार केला आणि जागा नाही असं सांगितलं.

मग आम्ही कोकिळा वहिनींकडे गेलो. कोकिळा वहिनी म्हणजे रोहिणीची आई. गिरासे भाऊबंदांत जेठासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, डोक्यावर पदर आणि जेठाशी अबोला, ही रीत. भांडणातला अबोला नव्हे, मानाचा. एकोणतीस वर्षांत ते दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. नांगर कधी येणार, बी कोणतं घ्यायचं, पोरगी पास झाली, करणसिंग गेला, सगळं मधल्या माणसाकडून. त्या दिवशी मधला माणूस मी.

इंद्रसिंग खाटेवर बसला. वहिनी भिंतीकडे तोंड करून, पदर नाकापर्यंत ओढून मिरच्यांचे देठ खुडत होत्या. मी मध्ये, पोस्टाच्या पेटीसारखा.

“आप्पा, तिले सांग,” इंद्रसिंग म्हणाला, “दगडवर शत्रूशी झुंजताना अस येई. मान वाढस.”

हे वहिनींनी सहा फुटांवरून ऐकलं होतं. तरी मी परत सांगितलं, कारण तीही रीतच.

“आप्पा, तेस्ले सांगा,” वहिनी म्हणाल्या, “पोर सराव करता करता गई. तेच लिखा.”

“तिले सांग, सरावले कोनी सलाम करस नही.”

“तेस्ले सांगा, सराव म्हनजे खेळ नही. तिले पान्यामा उलटी टांगेत. खुर्चीले बांधीसन. अंधारामा पट्टा सोडीसन बाहेर येवानं, नही त बुडानं. सात डाव करं तिनी. सुट्टीमा उनी तवय आठे, याच खाटवर, माले दखाडं कस सोडतस ते.” देठ खुडणारी बोटं थांबली नव्हती. “तेस्ले सांगा, लढाई एखादा दिन ऱ्हास. सराव रोज ऱ्हास.”

इंद्रसिंग खाटेवरून किंचित सरकला, जणू पट्टा त्याच्याखाली आला होता.

“आनि आखो सांगा. शत्रूनी मारं अस लिखं, की मंग इचारनं संपनं.”

ते विचारणं मला माहीत होतं. विमान का पडलं, असं त्या दर महिन्याला नौदलाला पत्रातून विचारत. पत्र मी लिहायचो. उत्तर सभ्य यायचं: चौकशी चालू आहे, अहवाल येताच कळवू. वहिनी ते उत्तर रोहिणीच्या दहावीच्या गुणपत्रिकेसोबत पत्र्याच्या पेटीत ठेवायच्या आणि पुढच्या महिन्याचं पत्र सांगायच्या. पोर कशानं गेली हे त्यांना हवं होतं. गावानं त्यांना वाघ दिला होता.

“बरं,” इंद्रसिंग उठत म्हणाला. मला वाटलं, पटलं.

समारंभाच्या आदल्या दिवशी दगड आला. काळा, चकचकीत, वहिनींच्या दाराएवढा. त्यावर सोनेरी अक्षरांत होतं: ‘शत्रूशी झुंजताना आकाशी वीरगती’. मी तो वाचला. परत वाचला. तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं. फ्लेक्स बांधायला आलेल्या भरतला मी म्हणालो, “कदापि राहिलं.” भरत हसला, मीही हसलो आणि घरी येऊन जेवलो. त्या जेवणाचा राग अजून गेलेला नाही.

दगड बसवला होता गावाबाहेरच्या पथारीच्या कडेला. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं मैदान. जानेवारीत ते एकरच्या एकर लाल असतं. जागा इंद्रसिंगनं निवडली, कारण तिथे गाड्या लावता येतात. रोहिणीनं मला एकदा सांगितलं होतं, “आप्पा, वरथीन कोरीट दखास नही. लाल डाग दखास. तो दखा का समजानं, खाल माय शे.” हे मी समितीला सांगितलं असतं तर त्यांनी तेही फ्लेक्सवर टाकलं असतं, म्हणून सांगितलं नाही.

प्रमुख पाहुणे अडीच तास उशिरा आले. तोवर शाळेच्या पोरांनी देशभक्तीची सगळी गाणी दोनदा म्हटली होती. मांडवाच्या मागे देठ खुडणाऱ्या चाळीसेक बाया आपापल्या ढिगाशी बसून होत्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, आणि कामाची जागा तीच असल्यामुळे हाकलताही येत नव्हतं. वहिनी पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, पदर नाकापर्यंत.

पाहुण्यांनी दोरी ओढली. पडदा बाजूला झाला. पाहुणे माइकपाशी आले आणि म्हणाले, “या गावानं देशाला असा वीरपुत्र दिला...” कोणीतरी कानात सांगितलं. “वीरपुत्रीसमान पुत्र दिला,” ते म्हणाले आणि शत्रूकडे वळले. शत्रूविषयी त्यांच्याकडे बरीच माहिती होती. रोहिणी त्याच्यावर कशी तुटून पडली, त्यानं पाठीमागून कसा वार केला, जाताजाता तिनं काय उद्गार काढले, सगळं.

तेवढ्यात वारा फिरला.

ज्यानं वाळत्या मिरचीवरून आलेला वारा घेतलेला नाही, त्याला हे सांगून कळणार नाही. आधी पाहुणे शिंकले. मग समितीचे तेवीसही जण. मग डोळे. दोन मिनिटांत सगळा मांडव घळाघळा रडत होता. पाहुणे उपरण्यात तोंड खुपसून हुंदके देत होते आणि फोटोवाला स्वतः रडत रडत त्यांचे फोटो काढत होता. वार्ताहरानं तिथल्या तिथे मथळा लिहिला: ‘वीरकन्येच्या आठवणीने कोरीटला अश्रू अनावर’. दुसऱ्या दिवशी तो चार कॉलमी आला. फोटोत इंद्रसिंग सगळ्यांत जास्त रडताना दिसतो. शिंक आवरताना त्यानं मिरची चाचपलेल्या हातानंच डोळे पुसले होते.

मैदानात फक्त मागच्या चाळीस बायांचे डोळे कोरडे होते. आणि वहिनींचे. जन्म त्यात गेलेला.

वहिनी उठल्या. मला वाटलं, सत्काराचा नारळ घ्यायला उठल्या, कारण सूत्रसंचालक शिंकत शिंकत तेच पुकारत होता. त्या नारळ मागे टाकून पुढे गेल्या. दगडापाशी गेल्या, अक्षरं वाचली. त्यांना वाचायला वेळ लागतो आणि त्यांनी तो पुरता घेतला. मग पाहुण्यांनी ओढलेली ती दोरी धरली आणि पडदा परत लावून टाकला.

पडद्याशी झटापट करताना डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता. तो त्यांनी परत घेतला नाही. इंद्रसिंगकडे वळल्या. माझ्याकडे बघितलंही नाही.

“दादा,” त्या म्हणाल्या, “कोनता शत्रू व्हता?”

आवाज मोठा नव्हता. पण मांडवातल्या शिंकासुद्धा थांबल्या. एकोणतीस वर्षांत इंद्रसिंगनं तो आवाज आपल्याकडे येताना ऐकला नव्हता. तो एक पाऊल मागे सरला. खुर्ची लागली.

“तुम्ही दखा व्हता का त्याले? त्याना गाव सांगा. मी तठे जाईसन इचारसू, मन्ही पोरनं विमान काब्र पडनं.”

इंद्रसिंगनं माझ्याकडे पाहिलं. मी पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच विनोद केला नाही आणि ते बरोबर होतं.

“तिनी रातदिन अभ्यास करा. पान्यामा उलटी लटकनी. शिकता शिकता गई. तुम्हले शिकानी लाज वाटस?” मग पडद्यावर तळहात ठेवला. “दगड बदला. तवलगून हाऊ पडदा उघडाव नही.”

आणि त्या तिथेच, दगडाला पाठ लावून, मातीत बसल्या. मागच्या बायांतली धनुबाई उठली, मिरच्यांचं एक पोतं ओढत आणलं आणि त्यांच्यापुढे ओतलं. वहिनी देठ खुडू लागल्या.

पाहुण्यांना पुढे खांडबाऱ्याला जायचं होतं. सूत्रसंचालकानं आभार मानले, आवाज पुरवणाऱ्याचेही मानले. गाड्या गेल्या. समितीचे बावीस जण ‘येतो’ म्हणाले आणि आले नाहीत.

राहिला इंद्रसिंग. दगडापासून दहा पावलांवर, कडेच्या निंबाच्या झाडाकडे तोंड करून. डोळे सुजून टोमॅटोसारखे झालेले, गालांवरून पाणी अजून चाललेलं. त्यात मिरचीचं किती आणि पुतणीचं किती, हे मला सांगता येणार नाही. त्यानं तिला कडेवर घेऊन शाळेत नेलेलं मी पाहिलंय आणि तिच्या निवडीच्या दिवशी पारावर थुंकलेलंही पाहिलंय. मला त्याचा राग होता. अजून आहे. शेजारी माझाही आहे, त्याला सोबत म्हणून.

मग तो म्हणाला, “आप्पा, तिले सांग. दगड वापस जाई. तू लिखं व्हतं तेच खोदाले लावस.”

“माले सांगा,” वहिनी देठ खुडता खुडता म्हणाल्या.

इंद्रसिंगनं तोंड उघडलं. मिटलं. निंबाकडे पाहिलं, निंबानंही मदत केली नाही. परत उघडलं. मी वाट पाहिली. धनुबाईचा हात थांबला. सगळ्या बायांचे हात थांबले.

“आप्पा,” तो अखेर डोळे घट्ट मिटून म्हणाला, “तिले इचार ना, डोळामा मिरची गई त काय लावतस?”