उत्तर न आल्यास

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको, की ही बाई उगाच आगपाखड करते. कपडे दुरुस्त करून द्यायचं माझं दुकान आहे. दिवसभर चेनी बदलायच्या, पँटी आखूड करायच्या आणि उशिरा येऊन घाई करणाऱ्याला तोंडावर सुनवायचं. गिऱ्हाईक तरीही टिकून आहे.

धाकटा भाऊ माझ्या नेमका उलटा. भांडण काढलं तरी समोरून शब्द येईल तर शपथ. तो सॉफ्टवेअर कंपनीत लागला तेव्हा बाबा जिन्यात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. सगळी हयात बस चालवण्यात गेलेला माणूस, मुलगा खुर्चीत बसून काम करतो याचंच त्यांना केवढं अप्रूप! म्हणायचे, ‘‘बाळ्याला ऊन लागत नाही, हॉर्न ऐकावा लागत नाही. जिंकला लेकाचा.’’

जिंकला कसला! पहिल्या वर्षी दुसऱ्यांच्या चुका निस्तरायचा. मग स्वतःचं काम मिळालं, मग दोन पोरं हाताखाली आली. तो एकेक पायरी वर चढत होता आणि घरातून तेवढाच कमी होत होता. पूर्वी सुटीच्या दिवशी पोहायला जायचा, ते आधी बंद झालं. मग मित्र यायचे थांबले. एक मुलगी होती, चांगली होती, मला आवडली होती. ती एकदा दुकानात आली, ड्रेसची बाही उसवलेली दाखवली आणि जाता जाता म्हणाली, ‘‘ताई, मी समोर बसलेली असते आणि हा स्क्रीनकडे बघून हसतो. किती दिवस बसू?’’ मी तिची बाही तेवढी शिवून दिली.

त्याची कंपनी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवते. आमच्या इथल्या मोठ्या हॉस्पिटलातही तेच आहे. ऑपरेशनची तारीख घेऊन लोक ऐनवेळी येत नाहीत, टेबल रिकामं राहतं, आणि रांगेतले बाकीचे तसेच ताटकळतात. त्यावर याने तोड काढली. तारखेच्या आधी पेशंटला मेसेज जाणार: येणार असाल तर कळवा. उत्तर न आल्यास जागा आपोआप रांगेतल्या पुढच्याला. ऐकायला किती शहाणपणाचं! मलाही पटलं होतं. मी तर म्हटलं, माझ्या दुकानातही असलं काहीतरी कर, शिवलेले कपडे महिनोन् महिने न्यायला येत नाहीत मेले.

ते तपासून बघताना आमच्या या भाऊसाहेबांनी स्वतःचाच नंबर घातला होता. झालं! जेवताना टुंग, आंघोळीला गेला की टुंग. एकाच नंबरवरून मेसेजचा नुसता पाऊस. शेवटी बाबा वैतागले. ‘‘अरे, बसची घंटी परवडली. बंद कर ते.’’ तेव्हा त्याने तो पाठवणारा नंबर ब्लॉक करून टाकला आणि आम्ही शांतपणे जेवलो. काम तर पूर्ण झालंच होतं. त्याच्यासारखं काम करणाऱ्या कुणीही हेच केलं असतं, असं तो नंतर म्हणाला. असेल बाबा.

मग बाबांना धाप लागायला लागली. आधी जिन्यावर, मग नुसतं शर्ट घालतानाही. हृदयाची झडप निकामी झाली होती. ऑपरेशन केलं तर माणूस चांगला हिंडताफिरता राहील, आणि लवकर केलेलं बरं, असं डॉक्टरीणबाई स्वच्छ म्हणाल्या. हॉस्पिटलच्या काउंटरवर नाव नोंदवताना मी माझा नंबर सांगायला लागले, तर भाऊ म्हणाला, ‘‘ताई, तू मशीनवर बसलीस की फोन बघतेस कुठे? माझा देतो. मी तर त्यातलाच आहे.’’ मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, कधी नव्हे तो घरात लक्ष घालतोय.

तारखेच्या सकाळी आम्ही तिघं गेलो. बाबा उपाशीपोटी, पाणीसुद्धा नाही. मांडीवर पिशवी, पिशवीत टॉवेल, चष्मा आणि मी नवीन शिवलेला पायजमा. घाबरले होते, पण दाखवत नव्हते. उलट काउंटरवरच्या बाईला म्हणाले, ‘‘तुमच्या या कॉम्प्युटरमधलं माझ्या मुलानं केलंय बरं का.’’

बाईने नाव घातलं, परत घातलं. ‘‘आजोबा, तुमची जागा पुढच्या पेशंटला गेली. मेसेजला उत्तर आलं नाही.’’

‘‘मेसेज आलाच नाही,’’ भाऊ म्हणाला. आवाज चढवून म्हणाला, जन्मात पहिल्यांदा. बाईने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. मेसेज गेला होता, पोचला होता. दुसऱ्यांदा आठवण गेली होती, तीही पोचली होती.

त्याने फोन काढला. काय काय उघडत गेला, आणि मग त्याच्या तोंडावरचा रंगच उडाला. ब्लॉक केलेल्या मेसेजांच्या ढिगात, त्याच्या त्या खोट्या मेसेजांच्या डोक्यावर, त्याच नंबरवरून आलेले दोन खरे पडलेले होते. बाबांचं नाव, तारीख, वेळ.

‘‘ताई,’’ एवढंच म्हणाला तो.

मेसेजबिसेज बाबांच्या डोक्यावरून गेलं होतं; त्यांना वाटलं, डॉक्टर रजेवर असतील. ‘‘मग काहीतरी खाऊन तरी घेऊ. पोटात कावळे ओरडताहेत,’’ म्हणाले. आम्ही त्यांना कँटीनमध्ये नेलं. ते खात होते आणि आम्ही दोघं त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हतो.

घरी बाबा झोपल्यावर मी त्याला स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लावलं. ‘‘तुझ्या हातात आहे ना सगळं? घाल त्यांना परत वर. आत्ताच्या आत्ता.’’

‘‘होईल तसं,’’ तो म्हणाला. ‘‘मी उघडून बघितलं. बाबांना वर घेतलं की एक जण खाली जातो. उद्याच्या जागेवर एक बाई आहे, तुझ्याहून लहान.’’

‘‘जाऊ दे खाली! ती माझी कोण लागते?’’

हो, असंच म्हणाले मी. आजही म्हणेन. तो नुसता भिंतीला टेकून उभा राहिला, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मान हलवत राहिला, नाही म्हणून. मी त्याला नाही नाही ते बोलले. आईच्या माघारी तुला मी वाढवलं ते याच्यासाठी का, इथपर्यंत गेले. त्याने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या दाराबाहेर ताटकळत बसून त्याने रीतसर नवीन तारीख आणली, महिन्याअखेरची. त्यांनी होता होईल तेवढं लवकर बसवलं होतं, ते मलाही कळत होतं. तरी त्याच्याशी बोलणं टाकलं मी.

त्याच आठवड्यात त्याला बढती मिळाली. सगळ्या टीमचा प्रमुख! त्याच्या त्या तोडीमुळे रिकामी टेबलं जवळजवळ बंद झाली होती म्हणे. ऑफिसातून घरी हा मोठा गुच्छ आला. त्याने साहेबांना घडलेलं सांगितलं होतं, निदान उत्तर आलं नाही तर माणसाने एक फोन करावा एवढं तरी घाला म्हणाला. साहेब म्हणाले, नंबर तू ब्लॉक केलास, सिस्टीमने नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, म्हणाले. गुच्छ मी कचऱ्यात टाकत होते, तर बाबांनी आतून विचारलं, कुणाची फुलं? मग काय करणार, पाण्यात घालून त्यांच्या उशाशी ठेवली.

महिनाअखेर यायच्या आधीच बाबांना श्वास पुरेना. हॉस्पिटलात दाखल केलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता या अवस्थेत ऑपरेशन झेपणार नाही, आधी थोडं सावरू दे. सावरण्यासारखं काही दिसत नव्हतं.

एका दुपारी मी डबा घेऊन गेले, तर भाऊ पलंगाशी बसलेला. पडदा ओढलेला होता. तो बोलत होता, इतका सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. पहिल्यापासून सगळं सांगत होता. मी बाहेरच थबकले. वाटलं, आत जावं आणि त्याचं तोंड दाबावं. स्वतःचं ओझं उतरवायला दुसरी जागा मिळाली नाही का याला? आणि खरं सांगते, बाबांनी त्याला फाडून खावं असंही वाटलं.

मास्कमधून बाबांचा नुसता श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी विचारलं, ‘‘तुला कामावरून काढणार का रे यामुळे?’’

‘‘नाही, बाबा. मला वर चढवलंय. ती फुलं त्याचीच होती.’’

‘‘असं होय,’’ बाबा म्हणाले. ‘‘बरं झालं. मग हे कुणाला बोलू नकोस. ताईला तर मुळीच नको. ती फाडून खाईल तुला. मी असलो तर आवरेन, नाहीतर कोण आवरणार तिला?’’

भावाने त्यांना सांगितलं नाही, की ताईला ठाऊक आहे.

मी डबा घेऊन जिन्यापर्यंत मागे गेले, पायांचा आवाज करत परत आले आणि पडदा सारला. बाबांनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं, ऐकलं का काय म्हणून. मग म्हणाले, ‘‘या हॉस्पिटलवाल्यांनी तारखेचा घोळ घातला बघ. बाळ्या बिचारा किती धावपळ करतोय.’’

‘‘हो, बाबा,’’ मी म्हटलं. ‘‘त्यांचाच घोळ.’’

बाबा त्यानंतर फार थांबले नाहीत.

आता घरात आम्ही दोघंच. तो ऑफिसातून येतो, बूट काढतो आणि मी स्वयंपाकघरात असले की दारात येऊन उभा राहतो. ‘‘ताई, बोल ना काहीतरी,’’ म्हणतो. त्याला शिव्या हव्या आहेत, आणि माझ्याकडेही त्या ढिगाने साचल्या आहेत. तोंड उघडते, आणि बाबांचं ते बघणं आठवतं, ऐकलं का काय म्हणून. मी म्हणते, ‘‘हात धुऊन घे, वाढते.’’ तो अजून थोडा वेळ उभा राहतो आणि मग हात धुवायला जातो.