यमुताईची हरकत

अकरा जण माझ्या बाजूनं, एक बाई विरोधात. तरी माझं काम अडलं! डोकं असं फिरलं होतं माझं, विचारू नका.

ज्यांना दिसत नाही त्यांना मोबाइलवरचं मराठी मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आम्ही काही जण मिळून बनवतो. फुकट आहे, कोणीही वापरा, कोणीही सुधारा. त्यासाठी सहा महिने खपून मी नवा आवाज तयार केला, एकदम माणसासारखा गोड. जुना खरखरीत आवाज काढायचा आणि हा बसवायचा, एवढीच माझी मागणी होती. त्यावर रामटेकच्या यमुताईनं, ज्यांना स्वतःला दिसत नाही, एकच ओळ लिहिली, "जुना काढू नका, माझं काम बंद पडेल."

आमच्यात हात वर करून मतं मोजत नाहीत. कोणी हरकत घेतली, की मागणी करणाऱ्यानं ती आधी आपल्या शब्दांत लिहायची. हरकत घेणारा "हो, हेच" म्हणत नाही तोवर पुढं जायचं नाही. कारभार पाहणारी नूपुर या नियमापायी सख्ख्या भावालेही सोडणार नाही.

मी लिहिलं, तुम्हाला जुन्याची सवय झाली आहे. उत्तर आलं, "नाही." मी लिहिलं, तुमचा मोबाइल जुना आहे. "नाही." मग चिडून लिहिलं, तुम्हाला बदलाची भीती वाटते. "नाही गा, रवींद्र."

"काहून अडवून राहिली ही बाई?" मी नूपुरले फोन केला.

"मले काहून विचारून राहिला? त्यायलेच विचार ना!"

शनिवारी सकाळीच हुडकेश्वरहून गाडी काढली आणि रामटेकले यमुताईचं घर गाठलं.

यमुताई एका दवाखान्याचे फोन घरूनच घेतात. मी टेकलो न टेकलो, तर पेशंटचा फोन आला. त्यांनी दुसऱ्या मोबाइलवर बोट फिरवलं, आणि त्यातून नुसती खर्रर्र निघाली, ज्वारी दळल्यासारखी. तेवढ्यात त्या फोनवर सांगू लागल्या, "तुमचा रिपोर्ट आला, बाई. मंगळवारी अकराला या."

"ताई, हे मराठी होतं?"

"मग काय! पूर्ण पान वाचलं त्यानं. वेग लय वाढवून ठेवला आहे मी."

बाप रे! मले एक अक्षर समजलं नव्हतं. मी माझा आवाज त्यांच्या मोबाइलात टाकला आणि तेवढ्याच वेगानं चालवला. शब्दांचा पार गोळा झाला. जुना मात्र अक्षर न अक्षर सुटं ठेवत होता. आम्ही बाकी साऱ्यांनी आवाज तपासला तो डोळ्यांनी ओळी वाचत वाचत, सावकाश. लाज वाटली मले.

मी तिथंच बसून चौथ्यांदा लिहिलं, "यमुताई आमच्याहून कितीतरी भरभर ऐकतात. त्या वेगात माझा आवाज मुका आहे." आणि पाठवलं.

समोर त्यांचा मोबाइल क्षणभर खरखरला. माझंच वाक्य होतं ते, मीच आत्ता लिहिलेलं, आणि मले त्यातलं काही म्हणजे काही कळलं नाही.

"हो, हेच," यमुताई म्हणाल्या.

मी त्यांच्यासमोरच माझी मागणी मागं घेतली.