मागच्या ॲक्सलवरचे अकरा थांबे

जुन्या जीपच्या मागच्या ॲक्सलवर वेल्डिंगचे आठ सांधे होते. चार स्प्रिंगच्या पाट्या बसतात त्या बैठकांचे, दोन शॉकॲब्सॉर्बरच्या कानांचे आणि दोन टोकांच्या चकत्यांचे. त्यांतल्या सात सांध्यांवर जुन्या रंगाचे पापुद्रे होते. आठव्यावर, डाव्या बैठकीच्या मागच्या अंगाला, काळा रंग इतका ताजा होता की नखाला चिकटला.

"बाबा, हा सांधा नवा आहे," लेक गाडीखालूनच म्हणाली.

"असेल," बाबांनी वेड पांघरलं. "गाडी जुनी म्हणून काय तिच्यात काहीच नवं असू नये?"

बाबांनी चाळीस वर्षं वेल्डिंग केलं होतं. त्यांच्या हातचं काम हवं म्हणून लोक लांबून गाड्या ढकलत आणत. पण दोन वर्षांपासून त्यांचे डोळे अधू झाले होते आणि आता चष्म्याचाही उपयोग नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जीप आधीपासूनच आई चालवायची. रविवारी दोघांना वरच्या पठारावर मावशीकडे जायचं होतं. मावशीच्या खुब्याचं हाड मोडलं होतं आणि ती रोज फोनवर एकच विचारायची, "येतेस ना गं?" बस पायथ्याशीच थांबायची. पुढे चौदा किलोमीटर नुसते दगड.

लेक प्रयोगशाळेत बॉयलरची वेल्डिंगं तपासायची. ती नाही म्हणाली तर जीप जागची हलणार नाही, हे न बोलता ठरलेलं होतं. म्हणून सकाळपासून दोघांचाही जीव टांगणीला लागला होता.

जुने सात सांधे तिनं तपासले. सातही निर्दोष निघाले. मग तिनं आठव्याचा रंग खरवडला आणि ती थबकली. बाबांच्या वेल्डिंगवर माशाच्या खवल्यांसारख्या एकसमान लहरी असत. इथे लहर जरा पुढे जाऊन थांबत होती, पुन्हा सुरू होऊन पुन्हा थांबत होती. तिनं थांबे मोजले. अकरा.

"हे कुणी केलं?"

पायरीवर बसलेली आई म्हणाली, "आम्ही. हात ह्यांचे, डोळे माझे."

काळ्या काचेतून वितळलेल्या धातूची कड बाबांना दिसत नव्हती. म्हणून आई दुसरी काच धरून शेजारी बसली होती. ती "पुढे, पुढे" म्हणायची तसा हात सरकायचा आणि "थांबा" म्हणाली की बाबा वेल्डिंगची कांडी उचलायचे.

"ठिणगी उडाली की थांबा!" बाबा म्हणाले. "वेल्डिंग करतोय की पॅसेंजर गाडी चालवतोय, तेच कळेना."

"आणि माझी बाही जाळलीत ते सांगा ना लेकीला."

लेकीला हसू आलं, पण ते तिनं आवरलं. कांडी उचलली जाते तिथे छोटा खळगा राहतो. तिथला धातू सगळ्यांत शेवटी थिजतो आणि तडा जायचा असेल तर तिथेच जातो. एकेक थांबा म्हणजे एकेक शंका.

तिनं सांधा पुसून कोरडा केला आणि लाल रंग फवारला. रंग फटीत शिरायला दहा मिनिटं दिली. मग वरचा रंग फडक्यानं टिपून घेतला आणि पांढरी भुकटी फवारली. फटीत रंग उरला असेल तर तो पांढऱ्यावर उमटतो. दहा थांबे पांढरेच राहिले. सातव्यावर केसाएवढी लाल रेघ वर आली.

बाबा वाकून बघत होते. त्यांना पांढरा डाग तेवढा दिसत होता.

"काय आहे, भिंगबाई?"

लहानपणी ती मुंगीसुद्धा भिंगाखाली धरायची, तेव्हापासूनचं हे नाव. प्रयोगशाळेत असल्या रेघेपुढे 'नापास' लिहिताना तिचा हात कधी अडला नव्हता.

"सातव्या थांब्याला चार मिलिमीटर," ती म्हणाली. "तडा आहे, बाबा."

बाबांनी चाकाच्या कडेवरचा हात काढून घेतला. "मग फाट्यावरच्या त्या वेल्डर पोराला बोलव. माझं संपलं आता."

"संपलं काय!" आई उठलीच. "सातव्या वेळी मला शिंक आली, म्हणून मी थांबा म्हटलं. शिंकेचं पाप हातावर कशाला?"

"उचलण्याआधी जरा मागे जाऊन खळगा भरायचा," लेक म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत मला."

"खळगा दिसायला नको?"

"मला दिसतो," आई म्हणाली. "मी आधी 'मागे' म्हणेन. भरला की मग 'थांबा'. आणि शिंक आली तर गिळेन."

लेकीनं तडा ग्राइंडरनं पार मुळापर्यंत काढला, पुन्हा लाल रंग लावून तो गेल्याची खात्री केली आणि नवा सांधा तडकू नये म्हणून ती जागा शेगडीनं तापवून दिली. वेल्डिंगच्या उजेडाकडे पाठ करून ती दाराशी उभी राहिली. तिला फक्त आवाज ऐकू येत होते.

"पुढे... पुढे... हळू हो, कुणी मागे लागलंय का? आता मागे. मागे. अजून थोडं. भरतोय... भरला. थांबा."

दारावरचा उजेड विझला. तिनं वळून पाहिलं. आई बाबांच्या भुवईवरची काजळी अंगठ्यानं पुसत होती आणि बाबा डोळे मिटून, मान पुढे करून, शहाण्या मुलासारखे बसले होते.

तडा कधीकधी उशिरा जातो, म्हणून लेकीनं पूर्ण एक दिवस जाऊ दिला. तेवढ्यात मावशीचे तीन फोन आले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं सगळं पहिल्यापासून केलं. पुसलं, रंगवलं, थांबली, टिपलं, भुकटी फवारली. घड्याळ लावून ती दहा मिनिटं भिंगातून बघत राहिली. गाडीबाहेर चार पावलं एकमेकांजवळ उभी होती. वेळ संपल्यावर तिनं वहीत लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं:

"डावी बैठक, मागची बाजू. लांबी एकशे दहा मिलिमीटर. लाल खुणा शून्य."