एमिलचे हात आणि माझं कापड

मी एक जुनी ट्राइक आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर फार दमले आहे. ट्राइक म्हणजे तीन चाकांची हलकी गाडी, एकामागे एक दोन सीटा, पाठीशी इंजिन आणि डोक्यावर कापडाचा मोठा पंख. मला विमानासारखी शेपूट नाही. पंखाखाली एक आडवी दांडी असते. ती धरून पायलट आपलं आणि गाडीचं वजन इकडेतिकडे झुलवतो, तशी मी वळते, चढते, उतरते. एवढंच माझं तंत्र. बाकी सगळा भार माणसाच्या हातांवर आणि माझ्या कापडावर.

ते कापड एका कारखान्यातल्या बाईने शिवलं. शिवणीवर वाकून ती पुटपुटायची, "नीट बस गं बाई, वरती कुणाचं तरी लेकरू असणार." तेव्हा माझा रंग गडद नारिंगी होता, आणि कापड इतकं कडक की हात लावला तरी खडखड वाजायचं. काय तोरा होता माझा!

मग अमेरिकेतल्या कॅन्ससच्या गव्हाच्या शेतांमधल्या एका गवती धावपट्टीवर मी आले. ही धावपट्टी ओपल फ्रीसनची. ओपल शिकवते. कॅन्ससचा वारा दिवसभर कुणाला उभं राहू देत नाही, त्यामुळे आमचं काम पहाटे नाहीतर दिवस कलताना. पुढच्या सीटवर शिकणारा, मागे ओपल. दात काढणारे डॉक्टर आले, शाळेतल्या बाई आल्या, दूध पोचवणारा आला. सगळ्यांनी मला जमिनीवर आपटलं. "जरा जोरात झालं का?" असं प्रत्येकाने विचारलं, पण ओपलला. मला कुणी विचारलं नाही.

जत्रेत मला बक्षिसाची फीत मिळाली होती. मुलं चिकट हातांनी मला चाचपायची. पुढे ओपलने नवी ट्राइक घेतली, ती शेडमध्ये गेली आणि मी बाहेर उन्हात; शिकणाऱ्यांची आपटाआपट मात्र माझ्याच वाट्याला. ऊन हे माझ्या कापडाच्या मुळावर येणारं दुखणं. वरून काही दिसत नाही, फक्त रंग उतरतो. आतून मात्र धागा कुजत जातो. ते ओळखायचं तर ओढीचा जोर दाखवणाऱ्या स्प्रिंगकाट्याला सुई बांधून कापडात टोचायची आणि ओढायची. ठरलेल्या जोराला कापड टिकलं तर ठीक. ही तपासणी दर वर्षी करायची असते. या वर्षी ओपल म्हणत राहिली, "बघू पुढच्या आठवड्यात." आठवडे काय, येतात आणि जातात.

अशात एमिल वोपाट आला. उभा जन्म त्याने पिकांवर औषध फवारणारं विमान चालवलं होतं. गुडघे बोलायला लागले तेव्हा विमान विकलं आणि घरी बसला. पण बसवेना.

"ओपल, जमिनीवर मला करमत नाही बघ," तो म्हणाला. "बायको म्हणते मी खिडकीशी बसून नुसते उसासे टाकतो. हे तुझं पतंगाचं लफडं शिकव मला. हेही जमलं नाही, तर माझं आभाळ संपलं."

"पतंग म्हणू नका तिला, रुसेल," ओपल म्हणाली. "आणि एक सांगते. विमानवाल्यांना शिकवणं म्हणजे माझ्या डोक्याला ताप. तुमचे हात उलटे असतात."

हे खरं आहे, मित्रांनो. विमानात दांडा पोटाशी ओढला की नाक वर जातं. माझी दांडी पोटाशी ओढली की नाक खाली जातं. उतरताना अगदी शेवटी नाक हलकेच उचलावं लागतं, म्हणजे माझी दांडी पुढे ढकलावी लागते. एमिलचे हात त्याच क्षणी ओढायचे. पहिल्याच दिवशी जमीन अंगावर आली आणि त्याने ओढली दांडी पोटाशी!

"पुढे! अहो पुढे!" ओपल मागून ओरडली आणि तिने दोन्ही हातांनी दांडी ढकलली. वाचलो म्हणायचं.

"डोक्याला कळतं गं पोरी," एमिल घाम पुसत म्हणाला, "हातांना कोण सांगणार?"

हातांना सांगायला तो घरी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून झाडूचा दांडा ढकलायचा. बायको ब्लांका म्हणायची, "हातात झाडू आहेच, तर केरही काढ की!" हे तोच आम्हाला हसत सांगायचा. पण हळूहळू हात वळले. पूर्ण उन्हाळा तो नेमाने आला, आणि एका शनिवारी ओपल मागच्या सीटवरून उतरली.

"जा एकटे. एक फेरी मारा आणि या."

धावपट्टीच्या कडेला इतर शिकणारे कॉफी आणि दालचिनीचे गोड रोल घेऊन उभे होते. ब्लांकाही होती. आम्ही वर गेलो. मागची सीट रिकामी, मी हलकी, वारा शांत. एमिल मोठ्याने गात होता; सूर कसला, नुसता आनंद. दमलेल्या मलाही बरं वाटलं.

उतरताना गव्हाच्या शेतावरून गरम हवेचा एक झोत आला आणि त्याने मला वर उचलून सोडलं. जमीन झपकन जवळ आली. आणि एमिलचे हात आत गेले. पोटाशी.

पुढचं चाक आदळलं, मी उसळले. त्या उसळीत त्याने श्वास घेतला, दांडी ढकलली आणि आम्ही टेकलो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, वाऱ्याने हिसका दिला. तसंच वाटलं त्यांना. टाळ्यांचा कडकडाट झाला. एकटं उडून आलेल्याच्या शर्टाची पाठ कापून शेडच्या भिंतीला लावायची आमच्याकडे रीत आहे. ओपल कात्री घेऊन धावत आली.

"वळा, पाठ करा इकडे! वाऱ्याला बरं सांभाळलंत!"

एमिल सीटवरच बसून होता. त्याने स्वतःचे तळहात पाहिले. गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

"कात्री ठेव, ओपल," तो म्हणाला. "आपटलं ते वाऱ्याने नाही. हात होते. शेवटी पुन्हा उलटे गेले."

टाळ्या थांबल्या. ब्लांकाने तोंडावर हात घेतला.

"एकदाच ना?" ओपल हळू आवाजात म्हणाली. "आपण अजून सराव करू."

"नाही गं. घाबरलो की ते जुनंच करणार. दमलेत ते, नवं शिकत नाहीत. पुढच्या वेळी मागे ब्लांका असली तर?" त्याने सीटचा पट्टा सोडला. "मला कळतंय मी काय सोडतोय. पण सोडतो."

ओपलने कात्री खिशात घातली. मग तिची नजर माझ्या उतरलेल्या रंगावर गेली. ती शेडमध्ये गेली आणि स्प्रिंगकाटा घेऊन आली. सगळ्यांसमोर तिने सुई माझ्या पंखात टोचली आणि ओढली. काटा ठरलेल्या खुणेच्या अर्ध्यावरही गेला नाही. माझं कापड फाटलं, ओल्या कागदासारखं.

ओपलने काटा गवतात टाकला. "याच्याखाली मी तुम्हाला एकटं पाठवलं, एमिल. अरे देवा."

एमिल लंगडत खाली उतरला. माझ्या फाटलेल्या जागेवर त्याने हात ठेवला. "तू तर माझ्याहून दमलेली निघालीस की गं," तो म्हणाला, आणि रडला.

त्या दिवसापासून मी शेडमध्ये उभी आहे, सावलीत. एमिल नव्या ट्राइकमध्ये ओपलच्या मागे प्रवासी म्हणून बसतो, हात मांडीवर ठेवून.

मित्रांनो, यंत्राला 'दमले' म्हणता येत नाही. म्हणून आम्हाला अधूनमधून विचारत जा, 'बघू पुढच्या आठवड्यात' म्हणू नका. तुम्हाला मात्र तोंड आहे. दमलात तर सांगा. लोक टाळ्या वाजवत असले, तरीही सांगा.