साफ केलेला फोटो

मंगळवारी दुपारी चार वाजता गंगाखेडच्या बसस्थानकासमोरच्या फोटोच्या दुकानात मन्मथने शिवप्रकाशच्या उजव्या हातावर उसाचा कोयता घातला.

पहिला वार मनगटावर बसला, दुसऱ्याने काउंटरची काच फुटली. शिवप्रकाश खुर्चीसकट मागे पडला. मन्मथने त्याच्या छातीवर पाय दिला आणि कोयता पुन्हा उचलला. तेवढ्यात शिवप्रकाशच्या बायकोने, रुद्राणीने, मागून मन्मथचा गळा दोन्ही हातांनी आवळला. त्याचं कोपर तिच्या तोंडावर बसलं, दोन दात पडले. तिने पकड सोडली नाही. शेजारचे धावून आले तेव्हा कीबोर्डवरून रक्त फरशीवर ठिबकत होतं.

मन्मथचे वडील ईश्वरअप्पा गेल्या महिन्यात वारले. त्यांचा नीट आलेला एकच फोटो होता, कॅमेऱ्याच्या कार्डात. समाजाच्या वेबसाइटवर श्रद्धांजलीसाठी टाकायला मन्मथने ते कार्डच दुकानात आणून दिलं. फोटो कोणत्या सॉफ्टवेअरवर करायचा, यावर नवरा-बायकोचं जुळत नव्हतं.

"जुन्यावरच करा. मूळ फोटो बाजूला ठेवतंय ते," रुद्राणी म्हणाली.

"अन् एका फोटोला अर्धा तास खातंय. हे फुकटातलं बघ, बटन दाबलं की झालं. तू भाकरी तरी जुन्या चुलीवर कुठं करतीस?"

त्या बटनाने चेहऱ्यावरचे डाग निघत. कपाळावरची विभूतीही त्याने डाग समजून काढली आणि साफ केलेला फोटो कार्डातल्या मूळ फोटोच्या जागीच सेव्ह केला. शिवप्रकाशने नीट न बघता तो वेबसाइटवर चढवला.

मंगळवारी मन्मथ मोकळ्या हाताने आला होता.

"माज्या बापाच्या कपाळावर काय हाय, सांग."

"लय चकचकीत आलंय की, मन्मथअप्पा."

"मूळ फोटो दे."

"त्याच्यावरच सेव्ह झालाय. विभूती काय, लावून देतो की. दोन मिनिटाचं काम."

मन्मथ बाहेर गेला. मोटारसायकलला बांधलेला कोयता सोडून परत आला.

तो कोठडीत आहे. पोलिसांनी जप्त केलेलं कार्ड तपासायला परभणीला गेलंय. त्यातून मूळ फोटो निघेल का, याचं उत्तर आलेलं नाही. ईश्वरअप्पांच्या पत्नी नीलम्मा त्यासाठी दोनदा ठाण्यात येऊन गेल्या.

शिवप्रकाशवर नांदेडला शस्त्रक्रिया झाली. गुरुवारी सकाळी अंगठा हलला. बाकीची बोटं अजून हललेली नाहीत.