एका कान्याचं भांडण

माझ्या भावाचं आणि लोणखेड्याच्या भटूचं भांडण एका कान्यावरून सुरू झालं, आणि तो काना मी खाल्ला होता. मुद्दाम नाही. अंगठा घसरला.

कुंदनदादा रॅप करतो. आमच्या गावात, ब्राह्मणपुरीत, तो कुंदन, मोबाइलवर के-तापी. त्याचा स्टुडिओ म्हणजे आमची मागची खोली. डिसेंबरात तिथे कापूस भरलेला असतो आणि कापसात आवाज घुमत नाही, हा शोध माझा. दादा कमरेपर्यंत कापसात उभा राहून गातो, मी दाराशी मोबाइल धरून बसते. बाहेर येतो तेव्हा त्याच्या मिशीला कापूस चिकटलेला असतो, आणि त्याला वाटतं आपण फार भारी दिसतोय.

गाणी मी लिहिते. नववीपासून, आता अकरावीत आहे. हे आमच्या दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. शहाद्याच्या एका चॅनेलवर त्याची मुलाखत झाली, तेव्हा तो म्हणाला, "शब्द मला रात्री सुचतात." रात्री तो घोरतो.

तर, गाण्यात ओळ होती, 'मी तापीना आंडोर, चाले ना कोन्हा जोर.' आमच्या अहिराणीत आंडोर म्हणजे मुलगा आणि आंडेर म्हणजे मुलगी. व्हिडिओखाली शब्द टाइप करताना माझा काना राहिला आणि दादा अकरा हजार लोकांसमोर तापीची मुलगी झाला. ज्याला अहिराणी येते त्याला लगेच कळायला हवं होतं की मागे 'तापीना' आहे म्हणजे पुढे आंडोरच असणार. पण भटू लोणखेड्यात कॉलेजला असून व्याकरणाशी त्याचा काही संबंध नाही. दुसऱ्याच दिवशी त्याने गाणं टाकलं: 'तापीनी आंडेर वं, जाय तू सासरले.' खाली हसणारे चेहरे मोजायला मला वेळ नव्हता, पण खूप होते.

मग दादाचं उत्तर, त्यावर भटूचं, त्यावर परत दादाचं. वीस दिवसांत सात गाणी. त्यातली चार मीच लिहिली, कारण लिहून दिल्याशिवाय दादा जेवायचाच नाही. भटूचे बूट, भटूची मोटरसायकल, भटूचे पुढे आलेले दात, सगळ्यांवर लिहून झालं. मला त्या माणसाचा इतका कंटाळा आला की त्याचे दात स्वप्नात आले.

"दादा, एक ओळ टाक ना," मी म्हटलं. "टाइप करताना चूक झाली, बहिणीकडून. संपलं."

"मंग लोके इचारतीन, बहीण कसाले टाइप करस?"

"इचारू दे."

"मंग आखो इचारतीन."

आणखी काय विचारतील ते तो बोलला नाही. वीस दिवस एका माणसाशी भांडणं त्याला परवडत होतं, पण बहीण लिहिते हे सांगणं नाही.

आणि मला भांडायलासुद्धा वेळ नव्हता, कारण शनिवारी सारंगखेड्याच्या यात्रेत दुपारच्या कार्यक्रमात दादाला दहा मिनिटं मिळाली होती. माझ्याकडे एक गाणं तयार होतं, पपईवर. आतापर्यंतचं माझं सगळ्यात चांगलं. ते त्या स्टेजवरून लोकांनी ऐकावं, एवढंच मला हवं होतं.

दादाने ते वाचलं आणि कागद परत दिला. "यात्रामा पपई कोन आयकी? लोके घोडा दखाले येतस. भटूवर लिख."

"नाही लिहिणार."

"रुचे."

"भटूवर आता एक अक्षर नाही. पपई गा, नाहीतर स्वतः लिही."

"लिखसू मी. तुले काय वाटस?"

तीन दिवस तो कापसाच्या खोलीत वही घेऊन बसला. शुक्रवारी मला बोलावून वाचून दाखवलं: "भटू भटू भटू, तू शे एक टट्टू."

"पुढे?"

"पुढलं यी ऱ्हायनं."

कार्यक्रम ठरवणारे जगदीशकाका सारंगखेड्याचेच. शनिवारी त्यांनी भटूलाही बोलावून घेतलं आणि स्टेजमागे दोघांना समोरासमोर उभं केलं. भटू प्रत्यक्षात अगदीच बारीक निघाला, आणि दात बरे होते. मला थोडी लाज वाटली.

"दोन्हीले एकदम चढावस," काका म्हणाले. "चार-चार ओळी म्हना आनि मिटाडा. शिवी आयकाले उनी तं माइक बंद. घोडा बिचकतस."

भटूने आधी म्हटलं. ओळी ठीकच होत्या, पण त्या त्याच्या होत्या आणि त्याला पाठ होत्या. मग दादा पुढे आला. मागे बीट चालू, समोर फेटेवाले, घोडेवाले, बायका, पोरं.

"भटू भटू भटू, तू शे एक टट्टू."

लोक हसले. मागून एक घोडेवाला ओरडला, "टट्टूले दात कितला शेत, ते सांग."

आणखी हसू. बीट चालूच. पुढचं काही आलं नाही. दादाने तीच ओळ परत म्हटली, मग नुसतंच "भटू".

"के-तापी," भटू म्हणाला, "तुन्हा शब्द कोठे गयात रे?"

मी स्टेजच्या कडेला, स्पीकरजवळ होते. टट्टूवर माझ्या डोक्यात एव्हाना तीन ओळी येऊन बसल्या होत्या, अगदी ओठावर. मी ओठ घट्ट मिटले. दादा घामाघूम होऊन माझ्याकडे आला, वाकला आणि कुजबुजला, "रुचे, दे ना एखादी."

माइक त्याच्या हातात होता. चालू. ते 'दे ना एखादी' पार घोड्यांच्या रांगांपर्यंत गेलं.

कुणीतरी बीट बंद केली. भटूने माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे. "म्हंजे ती लिखस?"

दादा माझा भाऊ आहे, मला त्याचा चेहरा वाचता येतो. तो खोटं शोधत होता. सापडत होतं की नाही माहीत नाही. मग त्याने माइक तोंडाशी नेला.

"हा. पहिलापासून तीच लिखस." आणि माझ्याकडे बोट दाखवून, "आंडेर बी तिनीच लिखं. चुकीसन."

"मंग वीस दिन आपू कसाले भांडनूत?" भटू म्हणाला. अख्ख्या भांडणातलं हे त्याचं पहिलं शहाणपणाचं वाक्य.

जगदीशकाकांनी घड्याळ पाहिलं. "चार मिनिट शेत. पोरी, तूच म्हन आते."

मी चढले. चप्पल खालीच काढली. दादाने स्वतः बीट लावली, पहिल्यांदा चुकीची, मग बरोबर.

*पेपरमा गुंडायेल पपई, दिल्लीले चालनी बाई,*
*रस्ताभर वाचस पेपर, शाळामा गयी नई.*

दुसऱ्या ओळीला पुढच्या रांगेतल्या चार-पाच बायका एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या. त्या पपई पेपरात गुंडाळायला मजुरीने जाणाऱ्या असाव्यात, कारण नेमकं त्यांनाच आधी कळलं. त्यानंतर मला काही सुधरलं नाही. एवढं आठवतं की गाणं संपलं तेव्हा त्यातली एक म्हणाली, "आखो एकदाव म्हन वं माय." आणि मी म्हटलं.

म्हणजे मिटलं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. खाली उतरले तर भटू माझ्या चपलांपाशी उभा. "ताई, माले बी लिखी दे ना."

"तिन्हं नाव नको लऊ," दादा मागून म्हणाला.

"तुन्ही एकलानी शे का ती?"

रविवारी सकाळी भटूचं नवीन गाणं आलं, ताई सगळ्यांची असते अशा अर्थाचं. दादा मोबाइल घेऊन माझ्या समोर येऊन बसला. त्याला भटूला उत्तर हवं होतं, लगेच. तेवढ्यात भटूचा मेसेज आला. दादा जे उत्तर देईल, त्यावरचं उत्तर त्याला माझ्याकडून आगाऊ हवं होतं.

दोघांनाही एकच कळवलं. पुढचं गाणं केळीवर आहे, ते मीच गाणार आणि नाव माझं असणार. टट्टूचं पुढचं ज्याला सुचेल त्याने लिहावं. उद्या माझं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल आहे, कुणी फोन करू नये.